आमच्या ताटातली आमटी परत द्या

प्रति,
अध्यक्ष आणि आरोग्य समितीचे सर्व सभासद,
ज्येष्ठ नागरिक संघ
(आणि अशी शिबिरं भरवणारी सगळी मंडळं, सोसायट्या, पतसंस्था)

रामकृष्ण हरी.

मी संघाची सभासद आहे. आपल्या रक्ततपासणी शिबिराच्या दिवशी नावं लिहून घ्यायच्या टेबलावर मीच बसले होते, तेव्हा हे पत्र बाहेरून दगड मारणाऱ्याचं नाही. शिबिर छान झालं. रांग मोडली नाही, चहा वेळेवर आला, रक्त घेणाऱ्या मुलीचा हातही हलका होता. माझी तक्रार त्यानंतरची आहे. रिपोर्टांसोबत तुम्ही जो पिवळा झेरॉक्स कागद वाटलात, त्याची.

'युरिक ॲसिड वाढले असल्यास काय खाऊ नये.' मी मोजले, सत्तावीस पदार्थ आहेत. तूरडाळ, मसूर, हरभरा, उडीद, मटकी, पालक, फ्लॉवर, मटार, वांगं, टोमॅटो, दही, चिंच. आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरात, 'फळांचे रस भरपूर घ्यावेत'.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू एकाहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांच्या युरिक ॲसिडचा रिपोर्ट आला ६.४ (म्हणजे शंभर मिलिलिटरमागे तेवढे मिलिग्रॅम), बाजूला ठळक 'एच', म्हणजे 'हाय', जास्त. त्यांचा एकही सांधा कधी सुजलेला नाही. पण कागद वाचून त्यांनी आमटी सोडली, उसळ सोडली, दही सोडलं. आता भात, मीठ, तूप आणि बटाट्याची भाजी. पंधरा दिवसांत जिना चढताना कठड्याला धरायला लागल्या आहेत. दुसरीकडे आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांना बारा वर्षं गाऊट आहे, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यांत साठून होणारा संधिवात. त्यांनी तोच कागद फ्रिजवर चिकटवला आणि म्हणाले, "वहिनी, आता पथ्य कडक पाळतो, मग गोळी कशाला?" युरिक ॲसिड उतरवणारी गोळी बंद.

एकच कागद. ज्यांना रोग नाही त्यांची आमटी बंद झाली आणि ज्यांना आहे त्यांची गोळी. एवढंच मला सांगायचं आहे, पण नुसतं सांगून तुम्हाला पटणार नाही, म्हणून जरा लांबण लावते.

मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. तो ठळक 'एच' मी स्वतः हजारो रिपोर्टांवर उमटवला आहे. आणि गेली नऊ वर्षं मला स्वतःला गाऊट आहे. मी माळकरी आहे. माहेरी तीन पिढ्या माळ आहे. मटण-मासळी नाही, दारूचा प्रश्नच नाही. तरी मला झाला.

त्या वर्षी वारीत चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण पाहून तरडगावच्या मुक्कामाला आलो. दिवसभर ऊन, पाणी कमी प्यायलेलं, कारण वाटेत बायकांना जायची सोय कुठे असते! रात्री दोनच्या सुमाराला उजव्या पायाच्या अंगठ्यात कुणीतरी तापलेली सळई घातली असं वाटून जागी झाले. वर पांघरलेलं पातळ लुगडंसुद्धा अंगठ्याला सोसवेना. सकाळी अंगठा लाल, चकचकीत, वांग्यासारखा. मदतकेंद्रातला एकजण म्हणाला किडा चावला असेल, दुसरा म्हणाला गाऊट वाटतोय, आणि तिसऱ्याने माझ्या गळ्यातल्या माळेकडे बघून त्याला गप्प केलं: "छे हो, माळकरी बाई आहेत."

गावी येऊन रक्त तपासलं. युरिक ॲसिड ५.९. 'नॉर्मल'. म्हणजे गाऊट नाही, असं मीच ठरवलं. आयुष्यभर ते आकडे टाईप करणाऱ्या बाईने. पुढे मला शिकवणाऱ्या संधिवाततज्ज्ञ डॉक्टर मॅडम हसल्या होत्या. ऐन दुखण्यात रक्तातला आकडा खाली उतरलेला असू शकतो, कारण त्या काळात किडनी जास्त युरिक ॲसिड बाहेर टाकते. तीन आठवड्यांनी परत तपासलं तर ८.७. तुमच्या शिबिरातही कुणी अंगठा सुजलेल्या अवस्थेत रक्त दिलं असेल आणि नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन 'आपल्याला ते नाही' म्हणत घरी गेलं असेल.

आता त्या 'एच'बद्दल. रिपोर्टावर बायकांना साधारण ६ पर्यंत आणि पुरुषांना ७.२ पर्यंत अशी मर्यादा छापलेली असते. लॅबनुसार थोडी इकडेतिकडे. ही मर्यादा म्हणजे रोगाची वेस नव्हे. निरोगी माणसांचे आकडे गोळा करायचे, मधले पंचाण्णव टक्के ठेवायचे, दोन्हीकडची टोकं कापायची, अशी ती आखतात. म्हणजे धडधाकट शंभर माणसांतही पाचएकजणांना 'एच' किंवा 'एल' (लो, कमी) मिळणारच. रक्तात युरिक ॲसिड जिथे विरघळेनासं होतं तो आकडा वेगळा आहे, ६.८. त्याला बाई-पुरुष कळत नाही. काकूंचे ६.४ या रेषेच्याही खाली आहेत!

आणि रेषेच्या वर असलं तरी काय? अमेरिकेत दोन हजारांवर निरोगी पुरुषांना सुमारे पंधरा वर्षं तपासत राहिले, त्याचा अहवाल १९८७ साली आला. ज्यांचं युरिक ॲसिड ७ ते ८.९ होतं, त्यांच्यात वर्षाला हजारातल्या पाचांना गाऊट झाला. ९ च्या वर गेलं की मात्र शंभरातल्या पाचांना. हजारात पाच! तेवढ्यासाठी तुम्ही सगळ्या वॉर्डाची डाळ काढून घेतलीत. कधीही सांधा न सुजलेल्या माणसाला नुसत्या आकड्यासाठी गोळी देऊ नये, असं अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० च्या सूचनांमध्ये म्हटलं आहे. मुतखडा असणारे, कर्करोगाचं औषध चालू असणारे वगैरे वेगळे, त्यांचं त्यांचे डॉक्टर बघतील.

टाच दुखते म्हणून युरिक ॲसिड, गुडघा कुरकुरतो म्हणून युरिक ॲसिड, हातापायाला मुंग्या येतात म्हणून युरिक ॲसिड, हेही थांबवा. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकताना टाच दुखते ते बहुतेक वेळा तळपायाच्या पट्ट्याचं दुखणं असतं. त्याला व्यायाम आहे, मऊ चप्पल आहे. डाळीचा काही संबंध नाही.

खरं निदान सांध्यातल्या पाण्यावर होतं. सुईने दोन थेंब काढायचे, ध्रुवीभूत (एकाच पातळीत कंपणाऱ्या) प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. फिलाडेल्फियाच्या दोन डॉक्टरांनी, मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी, १९६१ मध्ये हे दाखवून दिलं. बारीक सुयांसारखे स्फटिक दिसतात, एका दिशेने धरले की पिवळे, आडवे केले की निळे. काय सुंदर दिसतात म्हणून सांगू! एकतीस वर्षांत युरिक ॲसिडच्या नळ्या हजारो हाताळल्या, आणि सांध्यातलं पाणी आलं असेल हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. जिथे बघायचं तिथे कुणी बघत नाही आणि जिथे स्वस्तात आकडा मिळतो तिथे सगळे. अर्थात सुई प्रत्येक वेळी लागतेच असं नाही. अंगठा रात्रीत सुजणं, आठ-दहा दिवसांत आपोआप शांत होणं, पुन्हा येणं, ही गोष्ट जाणत्या डॉक्टरला बरंच सांगते. ती ऐकून घ्यायला दहा मिनिटं लागतात, एवढंच.

डाळीकडे येते. प्युरीन नावाच्या द्रव्याचं शेवटी युरिक ॲसिड होतं आणि डाळीत प्युरीन असतं, इथपर्यंत कागद खरा आहे. पण अंगातल्या युरिक ॲसिडचा साधारण दोन-तृतीयांश भाग आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतो, जेवणातून येतो तो उरलेला. आणि बहुतेक रोग्यांच्या बाबतीत अडचण आवक वाढल्याची नसतेच, किडनीतून निकास कमी असतो. तो कुणाचा कसा असतो हे बरंचसं आईबापांकडून येतं. २०१८ साली सोळा हजारांहून जास्त अमेरिकन माणसांच्या माहितीवरून हिशेब मांडला गेला होता. माणसामाणसांतल्या युरिक ॲसिडच्या फरकाचा जवळजवळ चौथा हिस्सा जनुकांनी उलगडला. कुठलाही एक खाद्यपदार्थ एक टक्कादेखील उलगडू शकला नाही.

डाळीवर थेट बोट ठेवणारा अभ्यासही आहे. २००४ साली सत्तेचाळीस हजार पुरुषांची बारा वर्षांची पाहणी छापून आली. मटण आणि समुद्री मासळी जास्त खाणाऱ्यांत गाऊट जास्त होता. प्युरीन असलेल्या भाज्या आणि कडधान्यांमुळे धोका वाढला नाही. कमी सायीचं दूध-दही खाणाऱ्यांत तर तो कमी होता. तुमच्या यादीत दही बंद आहे! दारूत बिअर सगळ्यात वाईट. आणि साखरेची शीतपेयं, फळांचे रस यांतल्या फ्रुक्टोज नावाच्या साखरेमुळे युरिक ॲसिड वाढतं. तुमच्या कागदावर रस भरपूर घ्या म्हटलं आहे. म्हणजे जे चालतं ते बंद आणि जे जपून घ्यायचं ते भरपूर. ती पाहणी अमेरिकेतल्या मांसाहारी पुरुषांची होती, आपल्या वरण-भाताची नव्हे, हे मी कबूल करते. पण यादी करणाऱ्याकडे तेवढाही आधार नव्हता.

टोमॅटोचंही तेच. न्यूझीलंडमधल्या काही रोग्यांनी टोमॅटोने दुखणं उठतं असं सांगितलं होतं, ते नोंदलेलं आहे. ज्याला तसा अनुभव येतो त्याने खाऊ नये. सगळ्यांच्या सारातून टोमॅटो काढायचं कारण नाही.

कलेजी, सुका जवळा, तारली रोज खाणाऱ्याने हात आखडता घ्यावा, बिअर सोडावी, वजन हळूहळू उतरवावं, पाणी प्यावं. निर्जळी उपासाची हौस असलेल्यांनी जपावं, कारण उपाशी आणि कोरड्या अंगाला गाऊटचा झटका लवकर येतो. एकादशीला मी पाणी आणि ताक घेते. पांडुरंग रागावल्याचं अजून तरी जाणवलेलं नाही. पण एवढं सगळं निष्ठेने केलं तरी पथ्याने आकडा साधारण एकाने खाली येतो. माझे ८.७ होते. कडक पथ्य करून ७.७ झाले असते. रेषा ६.८ ला आहे.

मग मला झाला कशाने? पाळी असेपर्यंत बायकांच्या किडनीला इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची साथ असते, ती गेली की आकडा चढतो. म्हणून आमच्यात हा रोग साठीनंतर दिसतो आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. त्यात मला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती, तीही युरिक ॲसिड अडवून धरते. हृदयासाठीची बारीक ॲस्पिरिनही थोडी अडवते. क्षयाच्या औषधांतलं पायराझिनामाइड तर बरंच अडवतं, आपल्याकडे हे माहीत असायलाच हवं. (यातली कुठलीच गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. विचारायचं.) माझ्या डॉक्टर मॅडमनी रक्तदाबाची गोळी बदलून लोसार्टन दिली, तिने उलट थोडं युरिक ॲसिड बाहेर जातं. माझ्या बोटांच्या टोकांच्या सांध्यांवर ज्या गाठी मी 'वय झालं' म्हणून सोडून दिल्या होत्या, त्याही त्यांनी दाबून पाहिल्या. दोन गाठी गाऊटच्या निघाल्या.

आता भाऊजी. या पत्राचं खरं कारण तेच आहेत.

बारा वर्षांपूर्वी पहिला झटका आला तेव्हा त्यांना अंगठ्यावर इंजेक्शन आणि दुखण्याची गोळी मिळाली. चार दिवसांत बरे. वर्षभराने दुसरा, मग सहा महिन्यांनी. प्रत्येक वेळी दुखण्याची गोळी. ती सूज उतरवते, स्फटिक तिथेच राहतात. पुढे एका डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल हे युरिक ॲसिड कमी करणारं औषध सुरू केलं, एकदम ३०० मिलिग्रॅम, सोबत दुसरं काही नाही. तिसऱ्या आठवड्यात जोरदार झटका. भाऊजींनी ठरवलं, ही गोळी सोसत नाही. बंद. दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे तेच. मग कशीबशी पुन्हा सुरू झाली होती, ती तुमच्या कागदाने बंद झाली. आता त्यांच्या कोपरावर आवळ्याएवढी गाठ आहे. मध्यंतरी फुटली तेव्हा आतून पांढरं, ओल्या खडूसारखं काहीतरी आलं. घरच्यांना पू वाटला. ते युरिक ॲसिडच होतं.

तुम्ही स्वयंपाक करणाऱ्या बायकांना विचारा, त्यांना हे लगेच समजेल. गुलाबजामचा पाक घट्ट झाला की साखरतो, कडेला खडे धरतो. आणि पहिल्यांदा धरतो तो गार जागी. पायाचा अंगठा हा अंगातला गार कोपरा आहे. असा साखरलेला पाक पातळ करून ठेवला की खडे परत विरघळतात. गोळीने नेमकं तेच होतं. रक्तातला आकडा ६ च्या खाली नेऊन तिथे ठेवायचा, गाठी असतील तर ५ च्या खाली, म्हणजे सांध्यांत वर्षानुवर्षं साठलेलं हळूहळू विरघळून निघून जातं. विरघळताना थर हलतात, तुकडे मोकळे होतात, आणि सुरुवातीच्या महिन्यांत झटका येतो. भाऊजींना आला तो हा. गोळी लागू पडत होती, तेव्हाच ती बंद केली गेली.

म्हणून गोळी १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डोसने सुरू करतात आणि दर काही आठवड्यांनी आकडा बघत वाढवतात. सोबत तीन ते सहा महिने झटका रोखायला कोल्चिसिनची बारीक गोळी देतात. पूर्वी कोल्चिसिन जुलाब लागेपर्यंत देत, त्यामुळे जुन्या लोकांना तिचा धसका आहे. आता डोस थोडा असतो. किडनी कमजोर असेल किंवा काही ठरावीक अँटिबायोटिक चालू असतील तर तीही जपून, डॉक्टरांना विचारूनच. मला ॲलोप्युरिनॉल १०० वरून ३०० पर्यंत जायला चार महिने लागले. मधे दोन झटके आले. आज माझा आकडा ५.२ आहे आणि गेली सहा वर्षं अंगठ्याने मला हाक मारलेली नाही.

'किडनी खराब होते' ही दुसरी भीती. ॲलोप्युरिनॉलने किडनी खराब होत नाही. कमजोर किडनीवाल्याला ते आणखी कमी डोसने सुरू करतात, इतकंच. किडनीला खरा धोका मेडिकलमधून मागून आणलेल्या, वर्षानुवर्षं खाल्लेल्या दुखण्याच्या गोळ्यांचा. ॲलोप्युरिनॉलचा जो खरा धोका आहे तो मात्र तुमच्या कागदावर कुठेच नाही: सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ आलं, ताप आला, तोंड आलं, तर गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जायचं. असं क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेतू शकतं.

'जन्मभर घ्यायची का?' बहुतेकांना हो. रक्तदाबाची घेताच ना? आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केली तर काही महिन्यांत पाक परत घट्ट होतो.

ही गोळी शोधणाऱ्यांत गर्ट्रूड एलियन नावाच्या बाई होत्या. त्यांना १९८८ मध्ये जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. बाई म्हणून सुरुवातीला त्यांना संशोधनाच्या लॅबमध्ये कुणी घेईना, तेव्हा त्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत लोणच्याची आंबटाई तपासायच्या. लॅबमधल्या कुठल्याही बाईला ही गोष्ट मी दोनदा सांगते. विषयांतर झालं, चालायचंच.

इंग्लंडात नॉटिंगहॅमला एक प्रयोग झाला, २०१८ मध्ये छापून आला. पाचशेवर रोगी. अर्ध्यांना नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवलं. अर्ध्यांची जबाबदारी नर्सवर दिली: रोग समजावून सांगायचा, शंका ऐकायच्या, आकडा बघत गोळी वाढवायची. दोन वर्षांनी नर्सच्या गटात शंभरातले पंचाण्णव जण ६ च्या खाली होते, दुसऱ्या गटात तीस. औषधं दोन्हीकडे जुनीच, बाजारात मिळणारी. फरक पडला तो बसून बोलण्याने.

आपल्या संघाकडे हॉल आहे, खुर्च्या आहेत, रिकामा वेळ तर रग्गड आहे. म्हणून मागणं मागते. पुढच्या शिबिराच्या पॅकेजमधून युरिक ॲसिड काढा, ज्याला सांध्याचा त्रास आहे त्याचंच तपासा. पिवळा कागद परत मागवा, चुकला म्हणून फळ्यावर लिहा, लाजू नका. ज्यांना डॉक्टरांनी गाऊट सांगितला आहे त्यांची यादी करा, आपल्या संघात सात-आठजण तरी निघतील. वर्षातून दोनदा त्यांची एक बैठक घ्या आणि एखाद्या संधिवाततज्ज्ञांना बोलवा. मानधनाचा प्रश्न आला तर कोजागरीच्या मसाला दुधात काटकसर करू.

तोपर्यंत दर गुरुवारी हरिपाठ झाला की मी हॉलमध्ये अर्धा तास बसेन. ज्यांच्या रिपोर्टावर 'एच' आहे त्यांनी घेऊन यावा. औषध मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. आकडा काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, तेवढं सांगेन. काकूंना मी कालच जिन्यात गाठलं आणि त्यांच्या घरी जाऊन तूरडाळीचा कुकर लावला. भाऊजींचं अजून जमलेलं नाही. ते म्हणतात, कमिटीने लिहून दिलंय. तर आता कमिटीनेच त्यांना लिहून द्यावं.

आपली,
संघाची एक सभासद
(निवृत्त लॅब टेक्निशियन)

ता.क. संघाच्या ग्रुपवर कच्च्या पपईचा काढा, सफरचंदाचं व्हिनेगर असं रोज काही ना काही येतं. लिंबूपाणी प्यायचं तर प्या, पाणी पोटात जाईल. पण 'एका महिन्यात युरिक ॲसिड मुळापासून' म्हणून बसस्टँडसमोर विनालेबलची पुडी मिळते, ती कुणी घेत असेल तर मला येऊन भेटा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणून पहिल्याच दिवशी गुण येतो. बरेच दिवस घेत असाल तर एकदम सोडूही नका, पुडी खिशात घालून सरळ डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्या टेबलावर ठेवा.